अंथरुणाचा उपदेश आता पुरे!

दसरा उलटला की आपल्याकडे दोन तऱ्हेचे लोक बोलू लागतात. पहिले विकणारे. 'आज घेऊन जा, पैसे सवडीने द्या' असे ते म्हणतात, आणि पेपराच्या पहिल्या पानापासून हातातल्या मोबाईलपर्यंत त्यांचाच आवाज घुमत असतो. दुसरे उपदेश करणारे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, थेंबे थेंबे तळे साचते, हे ते दरवर्षी नव्याने शोध लागल्यासारखे सांगतात. पहिल्या लोकांवर सगळेच टीका करतात आणि ते ती हसत सोसतात, कारण त्यांचा गल्ला भरलेला असतो. दुसऱ्यांना मात्र कोणी काही बोलत नाही. ते सज्जन असतात, त्यांचा हेतू चांगला असतो, आणि त्यांचे बोलणे चुकीचे आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही. आज मी तेच म्हणणार आहे. या सज्जनांनी कर्जबाजारी माणसाचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे विकणाऱ्यांनीही केले नसेल.

वाचकहो, रागावू नका. अर्थशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. मॅट्रिकच्या पुढे मी शिकले नाही. शाळेत मुलांना गणित आणि मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. पण या दोन्ही धंद्यांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे. माणसाला हिशेब न येणे वेगळे आणि हिशेबाकडे पाहावेसे न वाटणे वेगळे.

सरळव्याजाच्या उदाहरणात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी माझी मुले आज बाप झाली आहेत. त्यांतला एखादा रस्त्यात भेटतो, 'बाई, एक विचारायचे होते' म्हणतो, आणि पिशवीतून बँकेचे न फोडलेले लिफाफे काढतो. न फोडलेले! त्याला व्याज काढता येत नाही असे कसे म्हणू? मीच तर शिकवले. त्याला त्या कागदाची भीती वाटते. कागद उघडला की आकडा खरा होईल, तोवर तो खोटाच आहे, अशी त्याच्या मनाने स्वतःची समजूत घातलेली असते. अशा माणसापुढे 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्याला तापमापीची रचना समजावणे होय.

उपदेशकांची ही चूक आजची नाही. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासचे शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडून वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. हा वणवा पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. शेतकरी कर्जात का बुडाला, याचे उत्तर त्या काळच्या शहाण्यासुरत्यांपाशी तयारच होते. तो लग्नकार्यात उधळतो, म्हणून! सरकारने चौकशीला आयोग नेमला. आयोगाने कागदपत्रे पाहिली आणि जे लिहिले ते प्रत्येक उपदेशकाने आपल्या भिंतीवर लावावे. लग्नाच्या खर्चाला फाजील महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाचे मत पडले. धान्य, बियाणे, बैल, सरकारचा सारा यांसाठी पुन्हा पुन्हा काढाव्या लागणाऱ्या लहान लहान रकमाच शेतकऱ्याला अधिक बुडवत होत्या. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला तो याच चौकशीच्या मागोमाग.

आता विचार करा, शहाण्यांना लग्नच का दिसले? कारण लग्नाला मांडव असतो, वाजंत्री असते. बियाण्याच्या उसनवारीला वाजंत्री नसते. जे डोळ्यांत भरते तेच मोठे वाटते, ही मनाची खोड आहे, आणि ती कर्ज घेणाऱ्याला असते तशी त्याला नावे ठेवणाऱ्यालाही असते. आजही शेजाऱ्याने दिवाळीला मोठा टीव्ही आणला की आळीभर चर्चा होते. पण महिनाअखेर किराण्याचे, औषधाचे, शिकवणीच्या फीचे पैसे तो कार्डावर ढकलतो आहे, हे कोणाला दिसते?

मनाच्या खोडींबद्दल अलीकडे पुष्कळ अभ्यास झाला आहे. रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८० पासून दाखवून द्यायला सुरुवात केली की माणूस सगळा पैसा एक मानत नाही, मनातल्या मनात त्याची वेगवेगळी खाती करतो. २०१७ साली त्याला नोबेल मिळाले. आपल्या आज्यांना हे सांगायला नोबेलवाला लागला नसता. मन म्हणजे मिसळणाचा डबाच. हळदीची वाटी वेगळी, मोहरीची वेगळी, आणि हळद संपली म्हणून कोणी मोहरीला हात लावत नाही. पगार ही एक वाटी, दिवाळीचा बोनस दुसरी, मुलीच्या लग्नाची ठेव तिसरी. पगारातले १०० रुपये देताना जो माणूस रिक्षावाल्याशी घासाघीस करतो, तोच बोनसचे १००० रुपये एका संध्याकाळी उडवतो आणि म्हणतो, 'ते काय, वरचेच पैसे होते!'

या वाट्यांतून काय घडते ते पाहा. एका घरात मुलीच्या नावाने १ लाखाची मुदतठेव आहे, व्याज वर्षाला ७ टक्के. त्याच घरात कार्डाचे १ लाखाचे देणे आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. ठेवीतून ७००० येतात, देण्यापायी ४२००० जातात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि त्या वळशाची किंमत वर्षाला ३५००० रुपये! उपदेशक म्हणेल, 'केवढा हा मूर्खपणा!' येथेच माझे त्याच्याशी भांडण आहे. त्या घरातल्या बाईला विचारा. ती म्हणेल, 'ठेव मोडली तर पुन्हा भरणार कोण? कार्डाचे तर बँक भरूनच घेते. मुलीचे मागायला कोण येणार?' ही बाई मूर्ख नाही. तिला स्वतःचा आणि नवऱ्याचा स्वभाव पुरता ठाऊक आहे. मागायला आल्याशिवाय या घरातून पैसा बाजूला पडत नाही, हे तिने संसारात शिकलेले आहे. तिला मूर्ख म्हणणाऱ्याने तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. उत्तर आहे. ठेव मोडावी, कार्ड फेडावे, आणि त्याच दिवशी बँकेत किंवा पोस्टात आवर्ती ठेव उघडून तिचा हप्ता पगारातून परस्पर कापून जाईल असे करावे. म्हणजे मुलीचे मागायलाही दर महिन्याला कोणीतरी येईल. तिची भीती खरी धरली की तोडगा सापडतो. तिला हसणाऱ्यांना तो कधीच सापडला नाही.

विकणारे मात्र मनाचे पक्के जाणकार आहेत. ते कधी व्याख्यान देत नाहीत, ते आकडा लहान करून दाखवतात. गावातला खासगी सावकार 'शेकड्याला पाच' म्हणतो. पाच! पाच म्हणजे काय, चहाचेही पैसे नव्हेत. पण ते महिन्याचे असतात, वर्षाचे साठ होतात. शहरातला सुशिक्षित दुकानदार 'फक्त १० टक्के, फ्लॅट' म्हणतो. १ लाख घ्या, १२ हप्त्यांत १ लाख १० हजार फेडा. ऐकायला सोपे. पण मुद्दल तर तुम्ही पहिल्या महिन्यापासूनच परत करत असता, आणि व्याज मात्र पुऱ्या लाखावर देता. खरा दर १८ टक्क्यांच्या घरात जातो. आणि 'शून्य टक्का'? शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. तरीही वेगळ्या नावाने ते बाळ दर दिवाळीला पुन्हा बारशाला येतेच.

कार्डावरच्या 'किमान देय रकमे'ची कथा तर आणखी सुरस आहे. ५०००० रुपये देणे आहे. बँक म्हणते, यंदा फक्त ५ टक्के, म्हणजे २५०० भरा. माणूस २५०० भरतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो. त्या महिन्याचे साडेतीन टक्के व्याज १७५०, त्यावर १८ टक्के कर ३१५, एकूण २०६५. अडीच हजारांतून कर्जात पडले ते ४३५ रुपये! 'भरले' हा शब्द मनाला शांत करतो आणि त्या शांततेतच सारा व्यापार चालतो.

पैसा हातातून जाताना दुखतो. ते दुखणे हीच निसर्गाने दिलेली राखण असते. ती काढून घेतली की काय होते? ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोघा अमेरिकन प्राध्यापकांनी २००१ साली एका प्रयोगाची हकीगत छापली. खेळाच्या सामन्याची तिकिटे लिलावात ठेवली. काहींना सांगितले, रोख द्यावे लागतील. काहींना सांगितले, कार्डाने द्या. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. तिकीट तेच, सामना तोच! आता तर कार्डही नको, फोन पुढे केला की काम होते. मी जुन्या जमान्याची आरती ओवाळत नाही. भाजीवालीला सुट्टे पैसे शोधावे लागत नाहीत हे चांगलेच झाले. पण दुखणे नाहीसे झाले म्हणजे जखम होत नाही, असे नव्हे.

आता उपदेशकांच्या सर्वांत आवडत्या वाक्याकडे येते. 'गरीब माणसाला दूरचा विचार नसतो, म्हणूनच तो गरीब राहतो.' हे वाक्य मी पालकसभेत ऐकले आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे. ते साफ खोटे आहे, आणि खोटे आहे हे सिद्ध झालेले आहे. तामिळनाडूतल्या उसाच्या शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला. सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात. ऊस जाण्याआधी हात आखडलेला, गेल्यावर खिसा भरलेला. त्याच त्या शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोन्ही वेळा घेतली. पैसे यायच्या आधी त्यांचे गुण कमी पडले, आल्यावर वाढले. माणूस तोच, डोके तेच! चणचण डोक्यात ठाण मांडून बसते आणि दुसऱ्या विचाराला जागाच ठेवत नाही. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या ऊसकऱ्याला हे वाचून नवल वाटणार नाही. बिलाची वाट पाहताना रात्री झोप कशी लागते ते त्याला विचारा. दूरचा विचार नाही म्हणून गरिबी आली, असे नव्हे. गरिबीने दूरचा विचार करायची उसंतच ठेवली नाही. आणि अशा वेळी दिलेला उपदेश म्हणजे आधीच भरलेल्या डोक्यावर ठेवलेले आणखी एक ओझे.

पण या सगळ्यांपेक्षा घातक एक भावना आहे, आणि ती रुजवण्याचे पुण्य सर्वस्वी उपदेशकांचे. ती म्हणजे लाज. कर्ज हे पाप आहे आणि कर्जबाजारी माणूस दुबळ्या मनाचा आहे, असे लहानपणापासून कानीकपाळी ओरडले की माणूस कर्ज घ्यायचे सोडत नाही, कर्ज सांगायचे सोडतो. बायकोला सांगत नाही, भावाला सांगत नाही. वेळेवर सांगितले असते तर दागिना गहाण ठेवून, भावाची मदत घेऊन, बँकेत जाऊन हप्ते वाढवून काही मार्ग निघाला असता. तो सांगत नाही, म्हणून एक कर्ज फेडायला दुसरे काढतो, आणि दुसरे नेहमी पहिल्यापेक्षा महाग असते. घरातल्यांना आकडा कळला तो माणूस गेल्यावर, अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. माझ्या वर्गातली मुले तर बातमी येण्याआधीच सांगतात. सहलीचे पैसे आणायचा दिवस आला की एखादा हुशार मुलगा म्हणतो, 'बाई, मला सहल आवडतच नाही.' दहा वर्षांच्या पोराने बापाची लाज आपल्या अंगावर घेतलेली असते. हे मला बघवत नाही, आणि म्हणूनच हा लेख मी गोडीगुलाबीने लिहिलेला नाही.

लाजेची ही किल्ली वसुलीवाल्यांना बरोबर सापडली. मोबाईलवर झटपट कर्ज देणाऱ्या काही मंडळींनी कर्जदाराच्या फोनमधले नातेवाइकांचे नंबर उचलले आणि एकेकाला फोन लावायचा सपाटा सुरू केला. त्यांना ठाऊक होते, हा माणूस व्याजाला भिणार नाही, मामाला भिईल. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम करून अशा कर्जाच्या अॅपांना फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावायची बंदी केली. बरे झाले. पण मामा फोनवर 'काय रे, अब्रू घालवलीस' म्हणणार नसता, 'ये घरी, बघू काय करायचे ते' म्हणणार असता, तर त्या हत्याराला धार कोठून आली असती?

कोणी म्हणेल, 'बाई, मग माणसाने जबाबदारी घ्यायचीच नाही काय? सारा दोष मनाचा आणि विकणाऱ्यांचा?' नाही. देणे फेडलेच पाहिजे. पण जबाबदार माणूस आपल्या मनावर विसंबत नाही, मनाला बांध घालतो. आणि हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते, उपदेशकांनी तिकडे पाहिलेच नाही. भिशी पाहा. दहा बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम काढतात आणि पाळीपाळीने एकीला सगळी देतात. त्यात व्याज नाही, पण घरात ठेवलेला पैसा जिरतो आणि भिशीचा हप्ता चुकवायची सोय नसते. चारचौघींतली लाज येथे बचतीच्या कामी लावलेली आहे. डाळीच्या डब्यातले पैसे पाहा. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि घरोघरच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून हजार-पाचशेच्या नोटा बाहेर आल्या. पुरुषमंडळी हसली. हसण्यासारखे त्यात काय होते? ज्या पैशाचा पत्ता घराला नव्हता, तेवढाच पैसा घरात शिल्लक राहिला होता! सोन्याचेही तेच. घडणावळीत पैसा जातो हे बाईला सोनारापेक्षा चांगले कळते. पण पाटली मोडताना जीव कळवळतो म्हणूनच ती टिकते, आणि कित्येक घरांत तेवढेच काय ते बाईच्या हक्काचे असते.

बाहेरच्या जगानेही अखेर हेच शोधून काढले. फिलिपाईन्समधल्या एका बँकेने लोकांना विचारले, ठरलेल्या दिवसापर्यंत किंवा रकमेपर्यंत स्वतःलाही हात लावता येणार नाही असे खाते हवे का? २८ टक्क्यांनी ते उघडले, आणि ज्यांना ते देऊ केले त्यांची शिल्लक इतरांच्या मानाने वर्षभरात पुष्कळ वाढली. हा अभ्यास २००६ सालचा. थेलर आणि बेनार्त्झी यांनी अमेरिकेतल्या कामगारांना सांगितले, आज काही कापू नका, पुढची पगारवाढ होईल तेव्हा त्यातून बचत वाढू द्या, एवढी सही आज करा. ज्यांनी केली त्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. त्यांना कोणी व्याख्यान दिले नव्हते. हातात न आलेल्या पैशाचे मनाला दुखत नाही, एवढ्यावर सारे साधले.

आणि आपला दामदुपटीचा जुना नियम? एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हे हिंदू धर्मशास्त्राने ठरवले आणि मुंबईच्या उच्च न्यायालयानेही मानले. माणूस अडला की कोणत्याही कागदावर अंगठा उठवतो, हे त्या शास्त्रकारांना कळत होते. म्हणून त्यांनी अडलेल्याला उपदेश केला नाही, देणाऱ्याला लगाम घातला. १ ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे घरगुती कर्ज देताना सारे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, ते एका कागदावर लिहून देणे बँकांना बंधनकारक झाले आहे. हीही त्याच जातीची शहाणी गोष्ट. बाकीच्या पानांचे काहीही होवो, त्या कागदावरची ती एक ओळ वाचल्याशिवाय सही करू नका.

आता दिवाळी आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी काय करतो पाहिलेत? नुसत्या पैशाची पूजा तो करत नाही. तो नवी वही मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो, आणि जुन्या वहीत देणे किती, येणे किती, हे त्याला पाठ असते. देणे लिहायची त्याला लाज वाटत नाही, कारण देणे हा धंद्याचा भाग आहे हे तो जाणतो. आपण गृहस्थ मात्र दागिने आणि नोटा तबकात मांडतो आणि न फोडलेले लिफाफे कपाटात लपवतो. यंदा एक करा. चार आण्यांची का होईना, एक वही आणा. पूजा झाली, फराळ झाला की घरातली सगळी मोठी माणसे बसा, आणि कोणाचे किती देणे आहे ते तिच्यात लिहा. नवऱ्याचे लिहा, बायकोचे लिहा, थोरल्या मुलाने मित्राकडून घेतलेले लिहा. प्रत्येकापुढे वर्षाचा व्याजदर मांडा, आणि सर्वांत महाग असेल ते आधी फेडायचे ठरवा. लिहिताना कोणी कोणाला नावे ठेवायची नाहीत, एवढीच अट पाळा.

आणि कोणी पाहुणा मध्येच येऊन म्हणाला, 'अंथरूण पाहून पाय पसरावेत हो!' तर त्याला एक चकली द्या आणि वहीचे कोरे पान पुढे करा. म्हणावे, तुमचेही लिहा.